बॉक्सवर ४के लिहिलंय, पण कुठलं ४के? इंटरनल कॅप्चर कार्डबद्दल तुमचे प्रश्न

कन्सोलवरचा गेम रेकॉर्ड करायचा, स्ट्रीम करायचा आणि त्यासाठी पीसीच्या आत बसणारं कॅप्चर कार्ड, म्हणजे कन्सोलचं चित्र आणि आवाज एचडीएमआय केबलमधून पीसीत आणणारं कार्ड, घ्यायचं, यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. बहुतेकांचं विचारणं फिरून फिरून एकच आहे, "कुठलं कार्ड घेऊ?" माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कार्डांची नावं बघायच्या आधी आपला कन्सोल बाहेर काय देतो आणि आपल्या मदरबोर्डवर कुठला स्लॉट रिकामा आहे हे बघा, निम्मी यादी तिथेच गळते.

प्रश्न: माझ्याकडे पीएस ५ आणि डेस्कटॉप आहे. दोन कार्डं निवडून ठेवलीत, दोन्हीच्या बॉक्सवर ४के लिहिलंय पण एक दुसऱ्यापेक्षा बरंच महाग आहे. स्ट्रीम ट्विचवर करणार, अधूनमधून यूट्यूबला व्हिडिओ टाकीन. महागडं घेऊ का?

उत्तर: ४के हा शब्द बॉक्सवर तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी लिहिलेला असतो आणि सगळा घोळ तिथेच आहे. एक, कार्ड ४के (३८४० बाय २१६० पिक्सेलचा) सिग्नल आत घेऊ शकतं. दोन, तो सिग्नल जसाच्या तसा टीव्हीकडे पुढे पाठवू शकतं, याला पासथ्रू म्हणतात. तीन, ४केमध्ये खरोखर रेकॉर्ड करतं. ४के लिहिलेल्या स्वस्त कार्डांत बहुधा पहिल्या दोन गोष्टी असतात आणि रेकॉर्डिंग १०८०पीलाच (फुल एचडी) होतं, काही अगदी स्वस्तातल्या यूएसबी स्टिकमध्ये तर फक्त पहिलीच असते. त्यामुळे बॉक्सचा पुढचा भाग सोडा, मागचा बारीक टेबल वाचा, तिथे "मॅक्स कॅप्चर रिझोल्यूशन" किंवा तत्सम ओळ असते आणि तिच्या शेजारी फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, लिहिलेला असतो. ४के ३० आणि ४के ६० यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आता तुमच्यापुरतं. ट्विचवर १०८०पी ६० स्ट्रीमसाठी साधारण ६००० केबीपीएस बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) धरतात, म्हणजे तुम्ही आत ४के घेतलं तरी बघणाऱ्यापर्यंत सहसा १०८०पीच पोचणार. फक्त ट्विच असतं तर मी सरळ म्हटलं असतं की एल्गाटो एचडी६० प्रो किंवा ॲव्हरमीडिया लाइव्ह गेमर एचडी २ या वर्गातलं, १०८०पी ६० पकडणारं कार्ड घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या माइकला लावा. लोक थोडं धूसर चित्र चालवून घेतात, घरघरणारा आवाज चालवून घेत नाहीत. एक मात्र बघा, या वर्गातल्या बऱ्याच कार्डांचा पासथ्रूही १०८०पीचाच असतो, म्हणजे खेळताना टीव्हीवरही तुम्हाला तेवढंच दिसणार, ते चालत नसेल तर ४के पासथ्रूवालं शोधा. यूट्यूबचं गणित वेगळं आहे, १४४०पी किंवा ४के अपलोडला यूट्यूब जास्त बिटरेट देतं, त्यामुळे गवत, पाऊस, गर्रकन फिरणारा कॅमेरा असल्या सीनमध्ये फरक डोळ्यांना दिसतो. तेव्हा यूट्यूब खरंच "अधूनमधून" असेल तर स्वस्तातलं, आणि चॅनल गांभीर्याने वाढवायचा असेल तर ४के ६० कॅप्चरवालं.

प्रश्न: इंटरनल घेऊ की यूएसबीचं एक्स्टर्नल? मित्र म्हणतो की इंटरनलची पिक्चर क्वालिटी चांगली असते.

उत्तर: क्वालिटी आत-बाहेर असण्याने ठरत नाही. फरक पडतो तो डेटा जायच्या वाटेने, आणि हे आकडे एकदा स्वतः करून बघण्यासारखे आहेत. ४केच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, एनव्ही१२ या कॉम्प्रेस न केलेल्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये प्रत्येक पिक्सेलला दीड बाइट, आणि सेकंदाला ६० फ्रेम. गुणाकार केला की सेकंदाला साधारण ७४६ एमबी येतात. यूएसबी ३.० म्हणजे ५ जीबीपीएस (सेकंदाला ५ गिगाबिट), त्यातला सिग्नल एन्कोडिंगचा वाटा काढला आणि आठ बिटचा एक बाइट धरला की कागदावर ५०० एमबी उरतात आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. म्हणजे कॉम्प्रेस न केलेलं ४के ६० त्यातून जातच नाही, मग असं कार्ड एकतर व्हिडिओ आधीच दाबून पाठवतं नाहीतर ३० फ्रेमवर येतं. इंटरनल कार्ड मदरबोर्डवरच्या पीसीआयई स्लॉटमध्ये बसतं, तिथे जेन २ ची (दुसऱ्या पिढीची) एक लेन, म्हणजे डेटाची एक वाट, ५०० एमबी देते, चार लेन मिळाल्या की २ जीबी, तिथे ७४६ आरामात बसतात.

१०८०पी ६० ला मात्र याच हिशोबाने १८७ एमबी लागतात, ते यूएसबी ३.० वरही सहज जातं. आणि आता १० जीबीपीएसवाल्या यूएसबीची एक्स्टर्नल कार्डंही आली आहेत, म्हणून "इंटरनल म्हणजेच बेस्ट" असं मी म्हणणार नाही. तरीही डेस्कटॉप एका जागी असेल आणि रोज स्ट्रीम करायचा असेल तर माझं मत इंटरनललाच. वेबकॅम, माइक, बाहेरची हार्ड डिस्क हे सगळं एकाच यूएसबी कंट्रोलरवर भांडत असतं, कुणाचा तरी हात लागून केबल हलते आणि मधेच चित्र जातं, असल्या कटकटी आत बसलेल्या कार्डाला नसतात. लॅपटॉपवाल्यांनी आणि मॅकवाल्यांनी मात्र एक्स्टर्नलच बघावं, गेमिंगची इंटरनल कार्डं बहुतेक विंडोजपुरतीच असतात. लिनक्सवर असाल तर यूव्हीसी (यूएसबी व्हिडिओचं ठरलेलं स्टँडर्ड) चालणारं यूएसबी कार्ड घ्या, ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही.

प्रश्न: ४के कार्ड घेतलं, मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्डच्या खाली दुसरा लांब स्लॉट होता त्यात बसवलं. कार्ड दिसतं, १०८०पी ठीक चालतं पण ४के ६० लावलं की फ्रेम ड्रॉप होतात. कार्ड खराब आहे का?

उत्तर: बहुधा कार्ड एकदम ठीक आहे आणि स्लॉट फसवतोय. स्लॉट लांब आहे म्हणजे त्याला सोळा लेन जोडलेल्या आहेत असं नसतं. बऱ्याच बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट आतून एक्स ४ (चार लेनचा) असतो, तिसरा तर कित्येकदा एक्स १. वरून दिसायला सगळे सारखे, टाकी केवढीही असो, नळ बारीक असला की धार बारीकच. तुमची लक्षणं कार्डाला एकच लेन मिळत असल्याशी तंतोतंत जुळतात, कारण जेन २ च्या एका लेनमधून ५०० एमबी जातात, त्यात १०८०पीचे १८७ बसले आणि ४केचे ७४६ अडले.

तपासायचं कसं? एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा, त्यात बसच्या यादीत कॅप्चर कार्ड शोधा आणि लिंक विड्थ वाचा, एक मॅक्सिमम असते आणि एक करंट. मॅक्सिमम एक्स ४ आणि करंट एक्स १ दिसलं की चोर सापडला. मग पीसी बंद करून, वायर काढून, टॉर्च घेऊन रिकाम्या स्लॉटच्या आत बघा, पितळी पिना कुठपर्यंत आहेत ते दिसतं, अर्ध्यावरच संपल्या असतील तर तो पूर्ण स्लॉट नाही. आणि बोर्डचं मॅन्युअल काढा, ते कुणी वाचत नाही पण याच कामासाठी ते सोन्यासारखं आहे, एक्सपान्शन स्लॉटच्या पानावर तळटीप असते की अमुक एम.२ सॉकेटमध्ये एसएसडी लावली तर तमुक स्लॉट एक्स २ वर येतो किंवा बंदच होतो. लेन वाटून घेतलेल्या असतात ना, म्हणून. एसएसडी दुसऱ्या एम.२ मध्ये हलवली आणि प्रॉब्लेम गेला, असं बऱ्याचदा होतं. काही बोर्डांवर बायोसमध्ये त्या स्लॉटच्या लेन ठरवायचा ऑप्शन असतो, तोही बघून घ्या.

ज्यांनी अजून कार्ड घेतलेलं नाही त्यांनी हे आधीच तपासा. आताची ग्राफिक्स कार्डं अडीच-तीन स्लॉट जाडीची असतात, खालचा स्लॉट त्यांच्याखाली झाकला जातो आणि मिनी आयटीएक्स या छोट्या आकाराच्या बोर्डावर तर एकच स्लॉट असतो, तो ग्राफिक्स कार्डाने घेतला की संपलं. एक्स १ चं कार्ड कुठल्याही लांब स्लॉटमध्ये चालतं, पण एक्स ४ चं कार्ड नेहमीच्या छोट्या एक्स १ स्लॉटमध्ये बसतच नाही. आणि बसवताना ग्राफिक्स कार्डच्या पंख्याला अगदी चिकटून येणार नाही एवढी जागा सोडता आली तर सोडा, दोन्ही गरम होतात.

प्रश्न: सगळं जोडलं, टीव्हीवर गेम दिसतो पण ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंग-स्ट्रीमिंगचं फुकट सॉफ्टवेअर) काळा स्क्रीन. काय करू?

उत्तर: पीएस ५ असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, एचडीएमआय, तिथे "एनेबल एचडीसीपी" बंद करा. हे कॉपी रोखणारं कुलूप आहे, ते चालू असलं की कार्ड काहीच पकडत नाही. बंद असताना कन्सोलवरची व्हिडिओ ॲप्स चालणार नाहीत, सिनेमा बघायचा असेल तेव्हा परत चालू करायचं. पीएस ४ वरही असाच पर्याय आहे. एक्सबॉक्स आणि स्विचवर गेम चालू असताना हे कुलूप नसतं. पीएस ३ चं मात्र एचडीसीपी बंदच करता येत नाही, तिथे कंपोनंट केबलचा मार्ग धरावा लागतो, म्हणजे कंपोनंट इनपुट असलेलं कार्ड किंवा मधे कन्व्हर्टर.

एचडीसीपी बंद असूनही काळंच दिसत असेल तर कार्डासोबत आलेलं कंपनीचं सॉफ्टवेअर मागे उघडं आहे का बघा. काही कार्डं एका वेळी एकाच ॲपला चित्र देतात.

प्रश्न: ओबीएसच्या विंडोत बघून खेळतो तर बटण दाबल्यावर कॅरेक्टर उशिरा उडी मारतो. महाग कार्डाने हा लॅग जाईल का?

उत्तर: कमी होईल, जाणार नाही, आणि त्यासाठी पैसे घालवू नका. सिग्नल कार्डात येणार, मेमरीत जाणार, ओबीएस तो काढून दाखवणार, यात काही फ्रेम जातातच, ६० फ्रेमला एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. कार्डाच्या एचडीएमआय आउटमधून टीव्ही किंवा मॉनिटरला केबल लावा आणि तिथे बघून खेळा, पासथ्रू त्यासाठीच दिलेला आहे आणि त्याचा उशीर जाणवतसुद्धा नाही. ओबीएसची विंडो फक्त नजर ठेवायला. दुसरा स्क्रीन नाहीच असं असेल तर ओबीएसमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये बफरिंग डिसेबल करून बघा, थोडा फरक पडतो.

या उशिराचा एक त्रास मात्र पासथ्रू लावूनही राहतो, तो म्हणजे तुमचा आवाज गेमच्या पुढे पळतो. त्याचा उपाय: टीव्हीचा स्पीकर चालू ठेवा, टीव्ही गेम मोडवर, माइक चालू, आणि ओबीएसमध्ये गेमचा आवाज एका ट्रॅकवर व माइक दुसऱ्या ट्रॅकवर असं थोडंसं रेकॉर्ड करा. गेमच्या मेनूत एकदा टिक असा आवाज काढा. तोच टिक दोन्ही ट्रॅकवर येईल, माइकवर आधी आणि गेमच्या ट्रॅकवर नंतर. एडिटरमध्ये मोठं करून दोघांतलं अंतर मोजा आणि तेवढे मिलिसेकंद ओबीएसच्या ॲडव्हान्स्ड ऑडिओमध्ये माइकच्या सिंक ऑफसेटला घाला. वेबकॅमलाही तेवढाच डिले फिल्टर. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यानंतर स्ट्रीम बघायला एकदम वेगळाच वाटतो.

प्रश्न: टीव्ही १२० हर्ट्झचा आहे. कार्ड मधे लावलं तर पीएस ५ फक्त ६० दाखवतो आणि व्हीआरआरचा (गेमच्या फ्रेमरेटप्रमाणे टीव्हीचा रिफ्रेश बदलायचा) ऑप्शनपण गायब झाला.

उत्तर: कार्ड एचडीएमआय २.० चं आहे. २.० ची क्षमता १८ जीबीपीएस, २.१ ची ४८ पर्यंत, आणि ४के १२० ला २.१ लागतंच. मधल्या कार्डाला जे झेपतं तेवढंच कन्सोलला दिसतं, म्हणून कन्सोल स्वतःच खाली येतो. एल्गाटो ४के ६० प्रो एमके.२ आणि ॲव्हरमीडिया लाइव्ह गेमर ४के या पिढीच्या कार्डांवर १४४०पी १४४ किंवा १०८०पी २४० पुढे जातं, पण ४के १२० नाही. पीएस ५ ला १४४०पीचा सपोर्ट सप्टेंबर २०२२ मध्ये आला, त्यामुळे १४४०पी १२० वर समाधान मानता येत असेल आणि टीव्ही १४४०पी घेत असेल तर नवीन कार्ड घ्यायची गरज नाही. ४के १२० आणि व्हीआरआर दोन्ही सोडायचं नसेल तर एल्गाटो ४के प्रो किंवा ॲव्हरमीडिया लाइव्ह गेमर ४के २.१ सारखं २.१ चं कार्ड. तिथेही रेकॉर्डिंग ४के ६० लाच होतं, १२० फक्त तुमच्या टीव्हीपुरतं, हे माहीत असू द्या.

प्रश्न: रेकॉर्डिंगमध्ये रंग धुतल्यासारखे फिके येतात. आणि गेमचा आवाज कधी येतो कधी नाही.

उत्तर: फिके रंग म्हणजे बहुधा कन्सोल एचडीआर (जास्त उजेड आणि रंगांचं चित्र) पाठवतोय आणि ओबीएस ते साधं समजतंय. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये टोन मॅपिंग (एचडीआरचं साध्या चित्रात रूपांतर) असेल तर ते चालू करा, नाहीतर कन्सोलवर एचडीआर बंद. स्ट्रीमिंगच करायचं असेल तर मी बंदच ठेवा म्हणेन. आवाजासाठी कन्सोलच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डॉल्बी, डीटीएस सोडून लिनिअर पीसीएम आणि दोन चॅनल निवडा, बऱ्याच कार्डांना एवढंच कळतं. पार्टी चॅटमधला मित्रांचा आवाज एचडीएमआयमधून येईलच असं नाही, तो हवा असेल तर हेडसेटच्या लाइनवरून वेगळी चॅट केबल टाकून पीसीत आणावा लागतो.

प्रश्न: पीसी जुना आहे. कार्ड घेऊन उपयोग होईल का?

उत्तर: गेम तर कन्सोल चालवतोय, पीसीला फक्त एन्कोडिंग, म्हणजे व्हिडिओ दाबून छोटा करायचं काम, करायचंय. एनव्हिडियाचं एनव्हीएन्क असलेलं ग्राफिक्स कार्ड किंवा इंटेलचं क्विक सिंक असलेला प्रोसेसर असला तर १०८०पी ६० जुन्या मशीनवरही निभावतं, प्रोसेसरवर एन्कोडिंगचं ओझं टाकू नका एवढंच. ४के ६० साठी मात्र कार्डाच्या बॉक्सवरची किमान गरज वाचूनच ठरवा, तिथे ग्राफिक्स कार्डाचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. जागेचा हिशोबही धरा, ५० एमबीपीएसने (सेकंदाला ५० मेगाबिट) रेकॉर्ड केलं तर तासाला २२.५ जीबी लागतात. आणि रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये ठेवा, मधेच लाइट गेली किंवा पीसी अडकला तर तोपर्यंतचं सगळं वाचतं, साध्या एमपी४ ची फाइल उघडतच नाही. नंतर ओबीएसच्याच रिमक्सने एमपी४ करता येते.

आणि तुमचा कन्सोल पीएस ५ असेल तर कार्ड घ्यायच्या आधी आठवडाभर कन्सोलमधूनच थेट ट्विच किंवा यूट्यूबवर स्ट्रीम करून बघा, ६० मिनिटांपर्यंतच्या क्लिपही तो स्वतः साठवतो. ओव्हरले, स्वतःची लेआउट, वेगळे ऑडिओ ट्रॅक यांची उणीव खरंच भासायला लागली की मग कार्ड. स्विचवाल्यांना मात्र तेवढं थांबायचं कारण नाही, तिथे एका वेळी शेवटचे ३० सेकंदच सेव्ह होतात. फक्त तुमचा स्विच लाइट नाही ना हे बघा, त्याला एचडीएमआय आउटच नसतो.