वाचकांचे प्रश्न : संगणकाची कंपनी तेलाच्या शोधात

प्रश्न : एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे ८०० शेअर माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून पडून आहेत. कंपनीची कामे आटत चालली आहेत. आता ई-मतदानाची सूचना आली असून तीत दोन विशेष ठराव आहेत : मेमोरँडमच्या (कंपनीच्या मूळ घटनापत्राच्या) उद्देश कलमात ‘खनिज तेल व नैसर्गिक वायूचा शोध आणि उत्पादन’ हा व्यवसाय घालणे, आणि प्रवर्तकांसह काही जणांना वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क) देणे. प्रणाली लिहिणाऱ्यांनी तेलाच्या विहिरी खणणे कायद्याला चालते का? मी मत काय द्यावे?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : कायद्याला चालते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३ नुसार विशेष ठरावाने उद्देश बदलता येतात आणि त्यासाठी ठरावाच्या बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. मात्र प्रॉस्पेक्टस (शेअरविक्रीचे माहितीपत्रक) काढून जनतेकडून उभारलेला पैसा अद्याप न वापरता शिल्लक असेल आणि तो ज्या कारणासाठी घेतला तेच कारण आता बदलायचे असेल, तर ठरावाला विरोध करणाऱ्या भागधारकांना बाहेर पडण्याची संधी द्यावी लागते.

अनुभव नसलेल्यांच्या हाती सरकार तेलक्षेत्र देईल का, ही शंका आपल्या पत्रातून डोकावते. ती रास्त आहे, पण तिचे उत्तर अनेकांना चकित करील. ओएनजीसी आणि ऑइल इंडिया या सरकारी तेल कंपन्यांनी शोधलेली, परंतु लहान म्हणून विकासाविना राहिलेली क्षेत्रे सरकारने वेगळ्या धोरणाखाली लिलावात काढली. २०१६ च्या पहिल्या फेरीत अशी ६७ क्षेत्रे ४६ करारक्षेत्रांत विभागून मांडली होती आणि बोली लावणाऱ्याकडे तांत्रिक पूर्वानुभव असलाच पाहिजे, अशी अट त्यांत नव्हती. तेव्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी अर्ज केला तर दार बंद नसते. दारापलीकडे काय आहे, ते मात्र नीट पाहिले पाहिजे. अशा क्षेत्रात तेल किंवा वायू आहे हे आधीच कळलेले असते आणि ते परवडेल अशा खर्चात वर काढता येईल का, एवढाच प्रश्न उरतो. नव्या ब्लॉकमध्ये, म्हणजे शोधासाठी आखून दिलेल्या पट्ट्यात, शोध घेणे ही निराळीच गोष्ट आहे, कारण तेथे सिस्मिक सर्वेक्षणावर (जमिनीत कंपने सोडून केलेल्या पाहणीवर) पैसे ओतून, रिग (खोदकामाचे यंत्र) आणून, विहीर खोदून ती कोरडी निघाली तर हाती काहीच राहत नाही. आपल्या सूचनेत ‘शोध आणि उत्पादन’ असे दोन्ही शब्द एका दमात घातले आहेत. कंपनी यांपैकी नेमके काय करणार आहे, हे सूचनेसोबतच्या स्पष्टीकरणात्मक निवेदनात तपासावे.

शोध लागला तरी पैसा लगेच येत नाही. राजस्थानातील बाडमेरजवळचे मंगला क्षेत्र जानेवारी २००४ मध्ये सापडले आणि उत्पादन सुरू झाले ऑगस्ट २००९ मध्ये. तेही हाच व्यवसाय असलेल्या केर्नसारख्या कंपनीच्या हातून. ज्या कंपनीला पुढच्या तिमाहीच्या पगाराची चिंता आहे, तिने साडेपाच वर्षे कशावर काढायची, याचे उत्तर निवेदनात असायला हवे.

साठ्यांच्या आकड्यांबाबत अधिक सावध राहावे लागते. जमिनीखाली असू शकेल असा अंदाज, शोध लागूनही व्यापारी दृष्ट्या पक्का न झालेला भाग आणि खरोखर काढण्याजोगा साठा या तीन पायऱ्या जाणकार कटाक्षाने वेगळ्या ठेवतात, तर जाहिरातीत त्या एकमेकींत मिसळलेल्या आढळतात. गुजरात सरकारच्या जीएसपीसी या कंपनीच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील क्षेत्रात २० लाख कोटी घनफूट वायू असल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले होते. पुढे विकास आराखड्यात आकडा उरला सुमारे २ लाख कोटींचा. या क्षेत्रातील आपला ८० टक्के हिस्सा त्या कंपनीने अखेरीस २०१७ मध्ये ओएनजीसीला विकला. राज्य सरकार पाठीशी असलेल्या कंपनीचे जर असे झाले, तर आपल्या छोट्या कंपनीने आकडा कोणाकडून तपासून घेतला आहे, हे विचारण्यात संकोच नसावा.

छोट्या कंपन्या बहुधा स्वतः खोदत नाहीत. त्या एखाद्या ब्लॉकमध्ये पाच-दहा टक्के हिस्सा घेतात आणि काम ऑपरेटर कंपनी पाहते. हिस्सा लहान म्हणून जोखीम लहान, असा समज करून घेऊ नये. ऑपरेटर खर्चाची मागणी पाठवील तेव्हा आपल्या वाट्याचे पैसे मुदतीत भरावे लागतात आणि ते थकले तर करारानुसार हिस्साच हातचा जाऊ शकतो.

येथे दुसरा ठराव महत्त्वाचा ठरतो आणि माझ्या मते खरा विचार त्याचाच करावा. वॉरंट घेणाऱ्याने सुरुवातीला केवळ २५ टक्के रक्कम भरायची असते. बाकीचे ७५ टक्के भरायला त्याला १८ महिने मिळतात. त्या काळात भाव वर गेला तर तो उरलेली रक्कम भरून शेअर घेईल. भाव पडला तर भरलेले २५ टक्के सोडून देईल आणि ऑपरेटरची मागणी तशीच उभी राहील. म्हणून ‘इतके कोटी उभारले’ या वाक्यातील प्रत्यक्ष जमा रक्कम किती, हे मोजून पाहावे.

दोन्ही ठरावांवर वेगवेगळे मत देता येते. ब्लॉक कोणता, हिस्सा किती, ऑपरेटर कोण आणि सरकारला द्यावयाच्या बँक हमीचा पैसा कोठून येणार, हे चार प्रश्न मतदानाची मुदत संपण्यापूर्वी कंपनी सचिवांना ई-मेलने विचारावेत. पत्ता सूचनेतच असतो. आपल्या जागी मी असतो, तर या चारांची लेखी उत्तरे आल्याशिवाय वॉरंटच्या ठरावाच्या बाजूने मत दिले नसते. उद्देश कलमाला माझा तितका विरोध नाही. कागदावर जोडलेला व्यवसाय पुष्कळदा कागदावरच राहतो.

प्रश्न : अशाच एका कंपनीच्या नावात ‘पेट्रोलियम’ हा शब्द येणार असल्याची चर्चा आहे. केवळ उद्देश बदलून नावही बदलता येते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला तसे करता येत नाही. नाव नव्या व्यवसायाचे घ्यायचे असेल, तर मागील वर्षातील एकूण उत्पन्नापैकी किमान ५० टक्के त्या व्यवसायातून आलेले असावे, किंवा त्यात गुंतवलेली रक्कम कंपनीच्या मालमत्तेच्या किमान ५० टक्के असावी, असा शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीचा नियम आहे. शिवाय आधीच्या नावबदलाला एक वर्ष झालेले असावे लागते. गुंतवलेल्या रकमेच्या अटीवर नाव बदलले असेल, तर ती रक्कम ताळेबंदात कोणत्या रूपात आहे ते जरूर पाहावे, कारण शोधावरचा खर्च विहीर कोरडी ठरेपर्यंत मालमत्ता म्हणून दाखवता येतो.