विषमता घटली म्हणायची की वाढली?

प्रश्न : राज्याचे दरडोई उत्पन्न दरवर्षी वाढल्याचे वाचतो. आमच्याकडे मजुरी आहे तिथेच आहे. मग ही वाढ जाते कुठे? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : दरडोई उत्पन्न म्हणजे एकूण उत्पन्नाला लोकसंख्येने भागून आलेली सरासरी. मुंबई-पुण्याची मिळकत आणि गडचिरोली-नंदुरबारची मिळकत त्या एकाच बेरजेत येते. दहा घरांवर ताडून पाहा. नऊ घरांचे महिन्याचे उत्पन्न १५ हजार आणि दहाव्याचे ३ लाख असेल, तर सरासरी ४३,५००. दहाव्या घराचे उत्पन्न २० टक्क्यांनी वाढले की सरासरी ४९,५०० होते, म्हणजे जवळपास १४ टक्के वाढ. नऊ घरांत मात्र रुपयाही आलेला नसतो. म्हणून सरासरीबरोबर मध्यक विचारावा : घरे उत्पन्नाप्रमाणे ओळीने लावली की मधोमध येणारा आकडा. इथे तो १५ हजारांवरून हललेला नाही.

मजुरी वाढली तरी भाववाढ तपासावीच लागते. मजुरी १० टक्के आणि भाव ६ टक्के वाढले, तर खरी वाढ ३.८ टक्केच.

प्रश्न : जुलै २०२५ मध्ये बातमी होती, समानतेत भारत जगात चौथा. दुसरीकडे वाचतो, वरच्या एक टक्का लोकांकडे देशाचे २२.६ टक्के उत्पन्न जाते. खरे काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोन्ही आकडे प्रसिद्ध झालेले आहेत, पण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. चौथा क्रमांक जागतिक बँकेच्या गिनी निर्देशांकावरून काढला. सगळ्यांना सारखे मिळाले तर गिनी शून्य, सगळे एकाच्याच हाती असेल तर १००. भारताचा २०२२-२३चा गिनी २५.५ आहे आणि तो घरोघरच्या खर्चाचा आहे. अमेरिकेचा ४१.८ हा उत्पन्नाचा. हे दोन एका यादीत लावणेच चूक आहे. एक घर १२ हजार कमावते आणि सगळे खर्चते. दुसरे २ लाख कमावते, ६० हजार खर्चते, उरलेले गुंतवते. उत्पन्नातला फरक जवळपास १७ पट, खर्चातला फक्त ५ पट. बचत मोजलीच जात नाही, आणि संपत्ती तर बचतीतूनच साठते.

शिवाय हा खर्च ज्या सरकारी घरगुती खर्च पाहणीतून येतो, तीत श्रीमंत घरे नीट सापडत नाहीत. शहरी भागातल्या वरच्या ५ टक्क्यांचा दरडोई मासिक खर्च २०२२-२३ मध्ये २०,८२४ रुपये नोंदला गेला, पुढच्या वर्षी २०,३१०. आलिशान घरे-गाड्यांची मागणी पाहता हे पटणे कठीण आहे.

२२.६ टक्के हा वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या विषमतेवर काम करणाऱ्या संशोधन संस्थेचा २०२२-२३चा अंदाज. त्यात प्राप्तिकराची आकडेवारी पाहण्यांशी जोडली आहे, त्यामुळे गृहीतके तिथेही आहेत. पण विषमतेच्या प्रश्नाला तो अधिक जवळचा, असे आमचे मत आहे.

प्रश्न : आमचे घर यात कुठे बसते, हे घरी काढता येईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : येईल. भाजी, फळे, तेल, अंडी-मांस, मसाले, बाहेरचे खाणे यांचा मागच्या ७ दिवसांचा खर्च घ्या, ७ने भागून ३०ने गुणा. धान्य, डाळी, दूध, गॅस, वीज, भाडे, प्रवास ३० दिवसांचे. कपडे, चपला, शाळेची फी, दवाखान्यात दाखल झाल्याचा खर्च, टीव्ही-फ्रिज वर्षभराचे घेऊन १२ने भागा. बेरजेला घरातल्या माणसांनी भागा, लहान मुलेही धरून.

हमखास चुकते ते घरच्या शेतातले धान्य आणि दूध. ते शेतावरच्या भावाने धरा, नाहीतर शेतकऱ्याचे घर उगाच गरीब दिसते.

ताडून पाहायला त्याच पाहणीतले २०२३-२४चे देशाचे दरडोई मासिक खर्चाचे आकडे : ग्रामीण सरासरी ४,१२२ रुपये, शहरी ६,९९६, ग्रामीण भागातल्या तळाच्या ५ टक्क्यांचे १,६७७. तेव्हापासूनची भाववाढ त्यात मिळवा. सरकारी योजनांतून फुकट मिळालेल्या वस्तू या आकड्यांत नाहीत. त्या धरल्या की ग्रामीण सरासरी ४,२४७ होते. म्हणून रेशनचे फुकट धान्य तुमच्या बेरजेत धरलेत, तर तुलना या दुसऱ्या आकड्याशी करा.