ग्रँड आन्सला बिऱ्हाड हलवताना

वाचक विचारतात

प्रश्न : ताई, माझे मिस्टर शेफ आहेत. त्यांना कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर, ग्रँड आन्सच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात तीन वर्षांची नोकरी मिळाली आहे. ऑगस्टमध्ये रुजू व्हायचंय. मुलगा तिसरीत आहे. सासूबाई म्हणतात, निदान वर्षाचा मसाला आणि डाळी तरी घेऊन जा. मी यादी करायला बसले की यादी संपतच नाही. पाथर्डी फाट्याचा फ्लॅट विकावा का, हेही ठरत नाही. सुरुवात कुठून करू?
— म. दे., नाशिक

उत्तर : यादी मिटा आणि आधी विमानाचा मार्ग ठरवा. ग्रेनाडाला आपल्याकडून थेट विमान नाही. लंडन, टोरांटो, न्यूयॉर्क किंवा मायामी असं कुठून तरी जावं लागतं. अमेरिकेत विमान बदलायचं तरी इमिग्रेशनमधून बाहेर यावंच लागतं, म्हणजे तिथला व्हिसा हवाच. लंडन किंवा टोरांटोमार्गे गेलात तरी ट्रान्झिट व्हिसाचं आधी बघावं लागतं. हॉटेलवाले वर्क परमिटचं बघतील, पण वाटेतल्या व्हिसाचं कुणी बघत नाही. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून काढू नका.

मग कागद. लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, मिस्टरांचा डिप्लोमा आणि नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स. परदेशात चालण्यासाठी या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे ते खरे असल्याचा सरकारी शिक्का, लागतो. दाखले आधी मुंबईला मंत्रालयातून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, असा तो प्रवास असतो. आपल्याकडच्या बायकांची खरी अडचण नावाची. पासपोर्टवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, आणि मुलाच्या दाखल्यावर आईचं नुसतं पहिलं नाव. तिन्ही कागद आजच शेजारी-शेजारी ठेवून बघा. फरक असेल तर दुरुस्ती इथे असतानाच होते, तिथून होत नाही. ग्रेनाडात आपला दूतावास नाही. तिथला कारभार त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनमधलं आपलं उच्चायुक्तालय बघतं, म्हणजे प्रत्येक कागदासाठी समुद्रापलीकडे.

ऑगस्टबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. मिस्टरांना एकट्याला पुढे जाऊ द्या, तुम्ही दोघं जानेवारीत जा. जून ते नोव्हेंबर हा तिकडचा चक्रीवादळांचा मोसम आणि ऑगस्ट-सप्टेंबर त्यातला सगळ्यात वाईट काळ. ग्रेनाडा दक्षिणेला असल्यामुळे वादळं तिथे फारशी येत नाहीत, असं लोक म्हणायचे. 7 सप्टेंबर 2004 ला आयव्हन आलं आणि बेटावरच्या दहापैकी नऊ घरांचं नुकसान करून गेलं. 1 जुलै 2024 ला बेरिलने कॅरियाकू हे त्याच देशातलं छोटं बेट जवळजवळ सपाट केलं. घाबरवण्यासाठी सांगत नाही, आम्हीही तिथे काही वर्षं राहून आलो. पण अनोळखी घरात, शाळेच्या ॲडमिशनच्या धावपळीत पहिलं वादळ नको. शाळेची दुसरी टर्म जानेवारीत सुरू होते, हवाही तेव्हा कोरडी असते. तोवर मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची इंग्रजी प्रत आणि लसीकरणाचं कार्ड तयार ठेवा.

घर मिस्टरांनी स्वतः बघून घ्यावं, फोटोवरून नाही. किनाऱ्यापासून थोडं वर, चढावर. समुद्र बघायला रोज दहा मिनिटं पुरतात, बाकी वेळ खारा वारा लोखंड खात बसतो. घरमालकाला चार गोष्टी विचारायच्या : पाण्याची टाकी किती लिटरची, कारण जानेवारी ते मे पाणी कमी असतं; खिडक्यांना वादळाची झडपं आहेत का; जनरेटर आहे का; आणि भाडं कोणत्या डॉलरमध्ये. हे शेवटचं विसरू नका. तिथे पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो. एका अमेरिकन डॉलरला 2.70, आणि हा दर 1976 पासून बांधलेला आहे. लोक बोलताना दोन्हीला नुसतं डॉलरच म्हणतात. पगाराच्या पत्रातही कोणता डॉलर लिहिलाय तो बघा, सगळं गणित अडीच पटीहून जास्त बदलतं.

आता सासूबाईंचा मसाला. काळा मसाला, गोडा मसाला, हिंग आणि कोकम एवढं न्या. डब्यांवर इंग्रजीत नाव लिहा आणि विमानतळावर विचारलं की दाखवा. मातीसकट तुळस, बी-बियाणं नेऊ नका, काढून घेतात. जायफळ तर चुकूनही नेऊ नका! ग्रेनाडाच्या झेंड्यावरच जायफळ आहे. तिथे ओलं, लाल जावित्रीच्या जाळीत गुंडाळलेलं जायफळ बाजारात मिळतं, श्रीखंडात ते किसलं की आपल्याकडची सुकलेली गोटी विसराल. अळूची पानं मिळतात, त्यांच्या भाजीला तिथे कॅलालू म्हणतात. नीरफणस मिळतो, भेंडी मिळते, तुरीचे ओले दाणेही मिळतात. तूरडाळ दुर्मीळ, तिच्या जागी वाटाण्याची पिवळी डाळ. वरण जरा वेगळं लागतं, पण आठवड्याभरात मुलाच्या लक्षातही राहणार नाही. ऑइल डाऊन हा त्यांचा राष्ट्रीय पदार्थ, नीरफणस नारळाच्या दुधात शिजवतात. शाकाहारी असाल तर आधी विचारा, त्यात खारवलेलं मांस घालतात. आयात केलेलं सगळं महाग आहे, चीज आणि सफरचंदं तर बघूनच परत ठेवाल.

तांब्या-पितळेची आणि चांदीची भांडी इथेच ठेवा. 2011 पासून त्या समुद्रात सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ दरवर्षी ढिगाने वाहत येतं. ते कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. त्या वायूने चांदी काळी पडते, एसीच्या तांब्याच्या नळ्याही लवकर जातात. ग्रँड आन्स पश्चिमेकडे असल्याने त्याला हा त्रास कमी, पूर्व किनाऱ्याला जास्त.

मुलाच्या कपड्यांतून लष्करी छापाची पँट, टोपी, दप्तर, सगळं काढून टाका. तिथे सामान्य माणसाने ते घालणं कायद्याने गुन्हा आहे, लहान मुलाचंही काढून घेतात. आणि पहिल्याच दिवशी त्याला किनाऱ्यावरचं मँचिनील झाड ओळखायला शिकवा. हिरव्या छोट्या सफरचंदासारखं फळ असतं, पण विषारी. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी पानांवरून गळणाऱ्या पाण्याने कातडीला फोड येतात. दुकानात शिरताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, मग भाव विचारायचा. नाहीतर तुम्ही उद्धट ठरलात.

फ्लॅट विकू नका. तीन वर्षांची नोकरी आहे. भाड्याने द्या, करार इथे असतानाच नोंदवा आणि भावाला किंवा दिरांना मुखत्यारपत्र द्या. तुम्ही अनिवासी झालात की भाडेकरूला तुमच्या भाड्यातून टीडीएस कापावा लागतो, हे त्याला आधीच सांगा. ऐन वेळी कळलं की भाडेकरू पळतात. बँकेलाही कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्या. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही.

---

प्रश्न : मुलगी-जावई बार्बाडोसला चालले आहेत. आपला मिक्सर आणि इस्त्री चालेल का? — व. कु., इंदिरानगर

उत्तर : नाही. बार्बाडोसला 115 व्होल्ट आणि अमेरिकेसारखी चपटी पिन. आपला 750 वॅटचा मिक्सर तिथे कण्हत फिरेल. चालवायचा तर ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल आणि तो मिक्सरपेक्षा जड. वरच्या ताई ग्रेनाडाला चालल्यात, तिथे 230 व्होल्ट आहेत, त्यांचा मिक्सर नुसत्या तीन चौकोनी पिनांच्या ॲडॉप्टरवर चालेल. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर ‘100-240’ लिहिलेलं असेल तर ते कुठेही चालतं. मुलीला सांगा, मिक्सर तिथेच घे. चटणीचं भांडं मात्र तिथल्या मिक्सरला नसतं, म्हणून एक छोटा खलबत्ता द्या.

---

प्रश्न : मी 66 वर्षांचा आहे. मुलाकडे ग्रेनाडाला जाऊन परतताना चार दिवस त्रिनिदाद बघायचा विचार आहे. लस लागते असं कोणी म्हणालं. खरं का? — शं. वा., नाशिकरोड

उत्तर : खरं आहे, आणि ती परत येताना आपल्याच विमानतळावर विचारतात. त्रिनिदाद पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) देशांच्या यादीत आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, तोवर कार्ड लागू होत नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पण साठीनंतर ही लस जपूनच देतात, अंड्याची ॲलर्जी असेल तर आणखी जपून. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. ते नको म्हणाले तर त्रिनिदाद सोडा आणि मुलाकडेच चार दिवस जास्त राहून लंडनमार्गे या. लस घेतलीत तर पिवळं कार्ड पासपोर्टच्या पाकिटात ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.