“सगळं आधीच शोधून झालंय, मग मी काय नवीन करू?”

ऑपरेशन्स मॅनेजमेंटमध्ये प्रकल्प करणारी मुलं हा प्रश्न दरवर्षी घेऊन येतात. “मॅडम, कुठलाही विषय घ्या, त्यावर शेकडो पेपर आहेत. माझ्या प्रकल्पाला काय अर्थ उरतो?” एमबीएच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी हेच विचारत माझ्याकडे आला होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याची हकिकत सांगते.

त्याचा विषय होता ‘लीन पद्धतींचा संस्थेच्या कामगिरीवर होणारा परिणाम’. लीन म्हणजे कामात वाया जाणारा वेळ, श्रम आणि माल कमी करणं. लॅपटॉपमध्ये सत्तरेक पीडीएफ होत्या आणि बहुतेकांतल्या ओळी पिवळ्या केलेल्या होत्या. साहित्य आढाव्याची, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्याची, वीस पानं लिहून झाली होती. प्रत्येक परिच्छेद एकाच साच्यातला: अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांना असं आढळलं. रात्री झोप लागत नव्हती आणि मार्गदर्शक सरांचा फोन आला की तो उचलत नव्हता. आपण आळशी आहोत, अशी त्याची खात्री झाली होती.

सत्तर पेपर वाचणारा मुलगा आळशी कसा असेल? तो वाचत होता, पण त्या वाचनाला विचारायला त्याच्याजवळ प्रश्न नव्हता. प्रश्न ठरण्याआधी सुरू केलेलं वाचन संपत नाही, कारण तेव्हा प्रत्येक पेपर सारखाच महत्त्वाचा वाटतो. जॉन क्राफचिक यांनी १९८८ मध्ये टोयोटाच्या उत्पादनपद्धतीसाठी ‘लीन’ हा शब्द वापरला. त्यानंतर कारखाने, रुग्णालयं, सॉफ्टवेअर, कार्यालयं असं सगळंच त्याखाली आलं. ‘कामगिरी’त तर खर्च, दर्जा, वेळ, लवचीकता हे सारं बसतं. असे दोन अवाढव्य शब्द शेजारी ठेवले म्हणून त्यांचा प्रश्न होत नाही.

मी त्याला लॅपटॉप बंद करायला सांगितला आणि विचारलं, “लोकांचा वेळ वाया जातोय आणि तुला बघवत नाही, असं काम कुठे पाहिलंस?” त्याने एका रुग्णालयात इंटर्नशिप केली होती. बाह्यरुग्ण विभागात नोंदणीच्या दोन खिडक्या आणि प्रत्येकीसमोर वेगळी रांग. प्रशासन टोकन देऊन एकच रांग करायच्या विचारात होतं, खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांचा त्याला विरोध होता. हे सांगताना तो पहिल्यांदाच न अडखळता बोलला. “मग हाच विषय का नाही?” या प्रश्नावर त्याचा चेहरा पडला. “इतकं साधं? याला संशोधन म्हणतील का?”

रांगांचा गणिती अभ्यास ए. के. एरलांग यांनी टेलिफोनच्या कॉल्ससाठी १९०९ मध्ये सुरू केला. तेव्हापासून चालत आलेल्या गणिताप्रमाणे एकत्र रांग फायद्याची ठरते. समजा, दोन खिडक्या आहेत. प्रत्येकीकडे तासाला सरासरी ५ जण येतात आणि एकाला सरासरी १० मिनिटं लागतात. नेहमीची गृहीतकं धरली तर वेगळ्या रांगांत सरासरी ५० मिनिटं थांबावं लागतं, एकत्र रांगेत साधारण २३. मात्र साँग, टकर आणि मरेल यांचा ‘मॅनेजमेंट सायन्स’मधला २०१५ चा अभ्यास वेगळं सांगतो. आपत्कालीन विभागात डॉक्टरांना आपापले रुग्ण ठरवून दिले, तेव्हा रुग्णांचा तिथला मुक्काम एकत्र रांगेपेक्षा कमी झाला.

हे वाचून तो धावतच आला. “म्हणजे सूत्र चुकीचं आहे?” सूत्र बरोबरच आहे, पण रांगेची रचना बदलली तरी काम करणाऱ्याचा वेग तोच राहतो, असं ते गृहीत धरतं. आपले रुग्ण कोणते हे ठाऊक असलेला डॉक्टर कामाचा ओघ स्वतः सांभाळतो. नोंदणीच्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला मात्र ‘आपला’ रुग्ण नसतो. मग तिथे काय होईल? इथे त्याला प्रश्न सापडला. संशोधनातली पोकळी म्हणजे कुणाचाच पाय न लागलेली जमीन, अशी मुलांची समजूत असते आणि ती शोधताना ती थकून जातात. विद्यार्थ्याला पेलेल अशी जागा बहुधा दोन चांगले अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत तिथे असते.

प्रश्न ठरल्यावर सत्तरांतले पंधराएक पेपर उरले. आढावा लेखकांनुसार न मांडता संकल्पनांनुसार मांडावा, असं वेबस्टर आणि वॉटसन यांनी २००२ मध्ये सुचवलं होतं. त्या धर्तीवर त्याने तक्ता केला: काम कुठलं, रांग कशी, वेग स्थिर मानला की मोजला, माहिती कुठून घेतली, निष्कर्ष काय. वेगाचा रकाना भरतानाच पेपर दोन गटांत विभागले गेले. आढाव्याचा कणा तिथेच तयार झाला आणि वीस पानांची सात झाली. कमी झालेल्या पानांचं त्याला वाईट वाटत होतं, मला मुळीच नाही.

एका गोष्टीवर मी अडून बसले. मूळ पेपर उघडल्याशिवाय त्याचा संदर्भ द्यायचा नाही. किफायतशीर ऑर्डरच्या प्रमाणाचं, म्हणजे एका वेळी किती माल मागवला तर एकूण खर्च सर्वांत कमी येतो याचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये एका मासिकात मांडलं. पुढे ते विल्सन यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं आणि हॅरिस यांचा उल्लेख करणारेही बऱ्याचदा भलत्याच प्रकाशनाचं नाव देत राहिले. मूळ लेख शोधून एरलेनकॉटर यांनी १९९० मध्ये ही गुंतागुंत उलगडली. दुसऱ्याच्या संदर्भयादीतून उचलेगिरी केली की चूक अशी पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते.

मार्गदर्शकांकडे तो एकच पान घेऊन गेला: वर प्रश्न, मध्ये तक्ता, खाली माहिती कशी गोळा करणार ते. ज्या भेटीला तो इतके दिवस घाबरत होता, तिथे सरांनी पहिल्यांदाच त्याच्याशी विषयावर चर्चा केली. त्यानंतर झोपही सुधारली. पण वाट मिळाल्यावरही कुणाची झोप आठवडेच्या आठवडे परतली नाही, जेवण जाईना, तर त्याला प्रकल्पाचा ताण म्हणून सोडून देऊ नये. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं.

प्रत्यक्ष मोजणीत आणखी एक अडचण निघाली. रजिस्टरनुसार रुग्ण सरासरी अर्धा तास थांबत होते आणि तासाला ४० जण येत होते. तासाला येणारी माणसं गुणिले थांबण्याचा वेळ म्हणजे तिथे असलेली सरासरी माणसं, या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे मग तिथे सरासरी २० रुग्ण दिसायला हवेत. सोबतचे नातेवाईक वगळूनही त्याने मोजले तेव्हा ३५ च्या आसपास निघाले. शोध घेतल्यावर कळलं की वेळ अर्ज मिळाल्यापासून लिहितात, अर्जाच्या टेबलापर्यंत पोहोचायला लागलेला वेळ कुठेच येत नाही. मग रीतसर परवानगी काढून तो दाराशी बसला आणि नावांऐवजी क्रमांक लिहून नोंदी घेऊ लागला. मोजमाप रांगेचं आहे, तुमच्या कामाचं नाही, हे त्याने कर्मचाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं.

टोकन पद्धत आली तेव्हा सकाळच्या गर्दीत थांबण्याचा वेळ स्पष्टपणे घटला. दुपारी फारसा फरक पडला नाही. एका रुग्णामागे लागणारा वेळ किंचित वाढल्यासारखा दिसला, पण एवढ्या थोड्या नोंदींवरून तसं ठामपणे म्हणता येणार नाही, असं त्याने अहवालात स्वतःहून लिहिलं आणि खिडक्यांची संख्या जास्त असलेल्या विभागात हेच मोजून पाहावं, अशी सूचना जोडली. पुढच्या तुकडीतल्या एका मुलीने तीच सूचना आपल्या प्रकल्पासाठी घेतली आहे आणि तिच्या तक्त्यात त्याच्या अहवालाचीही एक ओळ आहे.