शाळेला कुलूप, तरी तांदूळ मुलांचाच

प्रश्न : काविळीची साथ आल्यामुळे आमच्या वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा बंद ठेवली आहे. खिचडीही थांबली. गुरुजी म्हणतात, ‘शाळा नाही तर आहार नाही.’ कोठीत तांदळाची पोती तशीच पडून आहेत. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. काय करू?
– एक पालक

उत्तर : ताई, गुरुजींशी भांडू नका, पण त्यांचं म्हणणं मान्यही करू नका. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने मुलांना शाळेत मोफत जेवणाचा हक्क दिला, पण त्यातून शाळेच्या सुट्ट्या वगळल्या आहेत, त्यावर बोट ठेवून ते तसं म्हणत असतील. साथीमुळे लागलेलं कुलूप म्हणजे दिवाळीची सुट्टी नव्हे. मार्च 2020मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून राज्यांना विचारलं, मुलांच्या जेवणाचं काय? लगोलग केंद्राने कळवलं की शिजवलेलं अन्न द्या, नाहीतर अन्नसुरक्षा भत्ता, म्हणजे मुलाच्या वाट्याचं धान्य आणि स्वयंपाकाचा खर्च, द्या. मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. तांदूळ, डाळ, कडधान्यं आम्ही पालकांना बोलावून वाटली. हाच दाखला पुढे करा.

कावीळ दूषित पाण्यातून पसरते, म्हणून तुमच्याकडे सध्या कोरडा शिधाच बरा. हिशेब सोपा आहे. पहिली ते पाचवीला रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य. सहावी ते आठवीला 150 आणि 30. म्हणजे शाळेचे पंधरा दिवस बुडाले तर चौथीतल्या मुलाला दीड किलो तांदूळ आणि 300 ग्रॅम डाळ मिळायला हवी. नुसता तांदूळ देऊन बोळवण होऊ देऊ नका, डाळीशिवाय त्या आहारात राहतं काय? वाटप डब्याच्या मापाने नको. व्हरांड्यात तराजू ठेवा, पालकांसमोर तोला, नोंदवहीत सही किंवा अंगठा घ्या. वीटभट्टीवर राहणाऱ्या आणि आजारी मुलांचा वाटा घरपोच गेला पाहिजे. कुणाच्या घरी कोण आजारी आहे हे खिचडी शिजवणाऱ्या मावशींना नेमकं ठाऊक असतं, त्यांना सोबत घ्या.

‘पैसे खात्यात टाकू’ असं कुणी म्हटलं तर धान्यच मागा. 2021च्या उन्हाळी सुट्टीसाठी प्राथमिकच्या मुलांना 156 रुपये बँकेत द्यायचं ठरलं होतं. एवढ्याशा रकमेसाठी मजुरी बुडवून खातं उघडायला जाणं कुणाला परवडतं?

उद्याच समितीची बैठक बोलवा, ठराव करा. त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि पंचायत समितीतल्या शालेय पोषण आहार अधीक्षकांना स्वतः नेऊन द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या.