मेंदूज्वर आणि लस : वाचकांचे प्रश्न

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात. नात नऊ महिन्यांची झाली. आशाताई गोवरच्या लसीसोबत ‘जेई’चीही घ्या म्हणतात. आमच्याकडे डुकरं नाहीत, गावात हा आजार कुणाला झाल्याचं ऐकलं नाही. मग कशाला?

आशाताईंचं ऐका. जेई म्हणजे जपानी मेंदूज्वर. त्याचा विषाणू बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत आणि डुकरांत वाढतो, आणि क्युलेक्स डास तो माणसापर्यंत आणतात. धानाच्या बांधीत साचलेलं पाणी ही या डासांची आवडती जागा. तुमच्या अंगणात डुक्कर नसलं तरी बगळे आणि डास आहेतच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गोवर माणसाकडून माणसाला होतो, म्हणून आजूबाजूच्या मुलांनी लस घेतली की त्याची साखळी तुटते. जेई माणसाकडून माणसाला होत नाही. सगळ्या गावाने लस घेतली तरी पक्ष्यांतला विषाणू तसाच राहतो. तुमच्या नातीला तिने स्वतः घेतलेली लसच वाचवेल, शेजारच्या मुलांची नाही.

लागण झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, म्हणून आजार दिसत नाही. पण मेंदूला सूज आलीच, तर २० ते ३० टक्के रुग्ण दगावतात, आणि वाचलेल्यांतल्या बऱ्याच मुलांना फिट्स, लुळेपणा किंवा मतिमंदत्व कायमचं राहतं. २००५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या गोरखपूर भागात जेईच्या साथीत मुलांचे जे हाल झाले, त्यानंतर २००६ पासून देशातल्या जोखमीच्या जिल्ह्यांत ही लस सुरू झाली. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो. पहिल्यानंतर घरचे निश्चिंत होतात आणि दुसरा राहून जातो, याचं मला फार वाईट वाटतं. तारीख आजच कार्डावर लिहून घ्या.

ही लस घेतली की मेंदूज्वराची काळजी मिटली ना?

फक्त जेईची. मेंदूला सूज आणणारे विषाणू अनेक आहेत. गोवर झालेल्या साधारण हजारात एकाला मेंदूज्वर होतो. क्वचित काही वर्षांनी मेंदू हळूहळू निकामी करणारा, बरा न होणारा आजारही उद्भवतो. म्हणून गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस हेसुद्धा मेंदूचंच संरक्षण आहे.

चांदीपुरा विषाणूवर लस आहे का? (नागपूर)

अजून नाही. १९६५ मध्ये तुमच्याच जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात तो सापडला. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातेत त्याने मुलांचे जीव घेतले. तो वाळूमाशीतून पसरतो. ही माशी भिंतींच्या भेगांत राहते, त्या लिंपून घ्या. मुलाला जोराचा ताप येऊन झटके आले किंवा ते गुंगीत गेलं, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्या. हा आजार एक-दोन दिवसांतच घात करतो.

पाळलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचा दात मुलाला लागला. थोडंच खरचटलं आहे. इंजेक्शन हवंच का?

हवंच. रेबीज हाही मेंदूचाच विषाणूजन्य आजार, आणि लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना लावू नका. त्याच दिवशी लस सुरू करा आणि सगळे डोस पुरे करा. रक्त आलं असेल तर जखमेत सिरमही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं, तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ओरडा बसेल म्हणून मुलं असे ओरखडे लपवतात. त्यांना न रागावता विचारत जा.