पानगळीचे रंग बघायला मुलांना घेऊन पहिल्यांदाच निघताय?

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्याच्या व्हाइट माउंटन्समध्ये सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रंग भरात असतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारला जोडून येणारा लाँग वीकेंड मात्र टाळाच. पार्किंग सकाळीच भरतं आणि मुलं गाडीतच कंटाळतात.

पाच-सहा वर्षांचं मूल सोबत असेल तर शिखराचा हट्ट नको. कॅनकामेगस हायवेवरची लिंकन वूड्सची वाट घ्या. जुन्या लाकूडवाहू रेल्वेच्या मार्गावरची ही वाट जवळजवळ सपाट आहे, सुरुवातीलाच झुलता पूल आहे आणि नदी शेजारून वाहते. मुलं दमली की तिथूनच मागे फिरायचं. साबाडे फॉल्स हा धबधबाही याच हायवेवर, वाट छोटीशीच.

चालताना घाई करू नका. बर्चचा पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्य ओसरलं की तो दिसतो. मेपलचा लाल मात्र शरदातच नव्याने तयार होतो. हे सांगितलं की मुलं दर झाडापाशी थांबून पानं तपासतात. मला तर हाच सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

ओल्या पानांवर पाय घसरतो, म्हणून चांगली पकड असलेले बूट हवेत. शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा मुलांना भडक नारिंगी जॅकेट घाला. परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत टिक (गोचिडी) तपासा. थंडी पडली तरी त्या असतात. दशम्या आणि गरम दुधाचा थर्मास घ्या, पेट्रोल हायवेच्या दोन टोकांना, लिंकन किंवा कॉनवेलाच भरा. मधल्या हायवेवर पंप नाही, फोनलाही बहुतेक ठिकाणी रेंज नसते.